एकाच विषयाची चार नावं: ऊसतोड स्त्रियांवरचं संशोधन शोधताना

बीड जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. समाजशास्त्रात पीएच.डी.ची नोंदणी झाली आहे, विषय ऊसतोड कामगार स्त्रियांचं स्थलांतर आणि आरोग्य. गाइडनी सांगितलंय, पुढच्या सादरीकरणाआधी संशोधन साहित्याचा आढावा लिहून आणा, निदान ६० संदर्भ हवेत. त्यासाठी ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन दिवस बसली. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या सूचीत, तीन पुस्तकं सापडली, त्यातलं एक जागेवर नव्हतं. गूगलवर बातम्यांचा ढीग. गूगल स्कॉलरवर इंग्रजीत शोधलं तर हजारोंनी निकाल, आणि पहिल्याच पानावर ब्राझीलचे मजूर. शेवटी तिनं विचारलंय, ‘या विषयावर कुणी लिहिलंच नाही, की मलाच शोधता येत नाही?’

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागात २२ वर्षं काम करते आहे. नव्या नोंदण्या झाल्या की दरवर्षी हा प्रश्न माझ्या टेबलाशी येतो. विषय बदलतो, चेहऱ्यावरची काळजी तीच असते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लिहिलं गेलंय, आणि बरंच लिहिलं गेलंय. तुम्हाला शोधता येत नाही असंही मला वाटत नाही. अडचण अशी आहे की तुम्ही विषयाला ज्या नावानं ओळखता, त्या नावानं तो ग्रंथालयात नोंदलेलाच नाही. बीडमध्ये सगळे ज्याला ऊसतोड म्हणतात, ते अर्थशास्त्राच्या नियतकालिकांत ‘हंगामी स्थलांतर’ म्हणून येतं. श्रमविषयक लेखनात तेच ‘उचलीच्या (आगाऊ घेतलेल्या रकमेच्या) कर्जात अडकलेले मजूर’ होतं. सहकारावरच्या पुस्तकांत ते साखर कारखान्याच्या तोडणी-वाहतुकीच्या प्रकरणात दडलेलं असतं. वैद्यकीय नियतकालिकांत तर शीर्षकात ऊस हा शब्दही नसतो, तिथं गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया आणि ग्रामीण महाराष्ट्र एवढंच दिसतं. घरी एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि सातबाऱ्यावर तिसरं, असं माणसांचं होतं ना, तसंच हे. ज्या दारात जाल तिथलं नाव माहीत हवं.

पुढं जाण्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगून टाकते.

पहिली म्हणजे तुमची नोंदणी कुठल्या संस्थेत आहे आणि संशोधन केंद्र कुठे आहे. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना सुरू झाली. ३० प्रकाशकांची मिळून सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात आहेत. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. सेज, टेलर अँड फ्रान्सिस, स्प्रिंगर नेचर, वायली, एल्सव्हिअर हे सगळे तिच्यात येतात. सरकारी विद्यापीठात नोंदणी असेल तर पाच वर्षांपूर्वी तुमच्या सीनियरला जे मिळालं नाही, ते तुम्हाला मिळू शकतं. त्यामुळे ‘आपल्याकडे काही नाही’ हे जुन्या विद्यार्थ्यांचं म्हणणं तसंच्या तसं धरून चालू नका. केंद्र एखाद्या खासगी संस्थेच्या कॉलेजात असेल तर चित्र वेगळं असू शकतं. तिथं गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची (विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारी संस्था) ‘एन-लिस्ट’ ही कॉलेजांसाठीची ई-नियतकालिकांची सोय आहे का, हे कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा. ती असेल तर प्रत्येक संशोधकाला वेगळं लॉगिन मिळतं. ते मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही, म्हणून मागा.

दुसरी गोष्ट, तुम्ही कुठं बसून शोधता. प्रकाशकाची साइट तुम्हाला ओळखते ती विद्यापीठाच्या नेटवर्कच्या पत्त्यावरून. ग्रंथालयातल्या संगणकावर जो लेख सरळ उघडतो, तोच घरी मोबाइलवर उघडला की ३०-४० डॉलर मागणारं पान येतं. कितीतरी मुलं तिथंच मागं फिरतात आणि ‘विद्यापीठाकडे हे जर्नल नाही’ असं समजून बसतात. घरून वापरण्यासाठी रिमोट ॲक्सेस असतो, बऱ्याच ठिकाणी इन्फ्लिबनेटच्या इन्फेडमधून. तुम्ही ग्रंथालयापासून लांब राहता हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय. म्हणजे हे लॉगिन तुमचं पहिलं काम.

तिसरी गोष्ट प्रबंधाची भाषा. मराठीत लिहिणार असाल तरी निम्म्याहून जास्त वाचन इंग्रजीत होणार आहे, आणि इंग्रजीत लिहिणार असाल तरी मराठी साहित्य सोडून चालणार नाही. दोन्हीकडे शोधायची पद्धत मात्र वेगळी आहे. मराठीकडे मी नंतर येते.

आता खरं काम. माझ्याकडे कुणी आलं की मी आधी संगणक बंद ठेवायला सांगते आणि एक कोरा कागद पुढं करते. त्यावर चार रकाने: कोण, काय घडतंय, कुठे, आणि कोणत्या बाजूनं बघायचंय. प्रत्येक रकान्यात सुचतील ती सगळी नावं लिहायची, मराठी-इंग्रजी दोन्ही.

तुमचा कागद आपण भरून बघू. ‘कोण’मध्ये ऊसतोड कामगार, ऊसतोडणी मजूर, कोयता. हा शेवटचा शब्द फार महत्त्वाचा आहे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण कितीतरी इंग्रजी लेखांत हा शब्द तसाच रोमन लिपीत लिहिलेला असतो. तो टाकला की ब्राझील आणि क्यूबा आपोआप गळतात. मुकादम (मजुरांची टोळी जमवणारा ठेकेदार) आणि उचल हे शब्दही तसेच. गाडी सेंटर, टायर सेंटर, डोकी सेंटर ही तोडणीच्या टोळ्यांच्या प्रकारांची नावंही लिहून ठेवा. ज्यानं फडावर जाऊन काम केलंय, त्याच्या लेखात हे शब्द असतात. ज्यानं टेबलावर बसून लिहिलंय त्याच्या लेखात नसतात. म्हणजे शोधता शोधता तुमची चाळणीही होते. इंग्रजी शब्दांत केन कटर, शुगरकेन कटर, शुगर वर्कर, मायग्रंट ॲग्रिकल्चरल लेबरर. ‘शुगरकेन हार्वेस्टर’ टाकाल तर ऊसतोडणी यंत्राच्या पात्यांवरचे अभियांत्रिकी लेख डोक्यावर येतील. तो शब्द एकटा वापरू नका.

‘काय घडतंय’मध्ये स्थलांतर हा एकच शब्द लिहून थांबू नका. हंगामी स्थलांतराला इंग्रजीत सीझनल म्हणतात, काही अभ्यासक सर्क्युलर म्हणतात, आकडेवारीवाले शॉर्ट-टर्म म्हणतात आणि दुष्काळाच्या अंगानं लिहिणारे डिस्ट्रेस. चारही लोक बऱ्याचदा एकाच बैलगाडीबद्दल बोलत असतात. उचलीसाठी ॲडव्हान्स, डेट बॉन्डेज, बॉन्डेड लेबर हे शब्द.

‘कुठे’ हा रकाना सोपा वाटतो, पण सगळ्यात जास्त घोटाळा तिथंच होतो. बीडचं रोमन स्पेलिंग आज दोन ‘ई’ घालून करतात. जुन्या सरकारी कागदांत ते ‘बी-आय-डी’ असं असतं. हे तुम्ही डेटाबेसमध्ये टाकलंत तर लिलावातल्या बोलीवरचे अर्थशास्त्राचे शेकडो लेख येतील, म्हणून त्याच्यासोबत मराठवाडा किंवा महाराष्ट्र जोडायलाच हवं. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे त्याआधीचं काही हवं असेल तर ते मुंबईच्या नव्हे, हैदराबादच्या नावाखाली मिळतं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. पण छापून झालेले लेख नाव बदलत नाहीत. जुनी-नवी दोन्ही नावं टाका. आणि औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे, तिथल्या मजुरांवरचं लेखन मध्ये येईल.

चौथ्या रकान्यात स्त्रिया, लिंगभाव, प्रजनन आरोग्य, व्यवसायजन्य आरोग्य, गर्भाशय काढणे म्हणजे हिस्टरेक्टॉमी, मुलांचं शिक्षण, आणि तुमच्या गाइडच्या मनात जे असेल ते.

एवढा कागद भरायला एक तास लागतो. हा तास वाया गेला असं वाटतं, कारण हातात एकही लेख आलेला नसतो. पण माझा अनुभव असा की कागद भरलेल्या मुलांचा आढावा एका सत्रात होतो आणि न भरलेली मुलं वर्षभर तेच तीन शब्द फिरवत बसतात.

आता संगणक सुरू करा. एका रकान्यातले शब्द एकमेकांना ‘ऑर’नं जोडायचे आणि त्यांना कंस घालायचा, दोन रकाने एकमेकांना ‘अँड’नं जोडायचे. दोन-तीन शब्द मिळून एक नाव होत असेल तर अवतरणात घालायचं, नाहीतर शुगर एकीकडे आणि केन दुसरीकडे असे लेख येतात. लेबरचं स्पेलिंग ब्रिटिश वेगळं, अमेरिकन वेगळं, दोन्ही टाका. चारही रकाने एकदम जोडू नका. चार जोडले की शून्य निकाल येतो आणि माणूस खचतो. दोन रकाने घ्या, निकाल बघा. हजाराच्या वर गेले तर तिसरा जोडा, दहाच्या आत आले तर एक काढून टाका. शंभर-दीडशे निकालांची शीर्षकं अर्ध्या तासात चाळून होतात. माझ्या मते तेवढ्यावर आलं की थांबावं आणि वाचायला लागावं.

हे कुठं टाकायचं? इथं एक गैरसमज दूर करते. ओपॅकमध्ये पुस्तकं असतात, लेख नसतात. ओपॅक तुम्हाला एवढंच सांगेल की अमुक नियतकालिक आमच्याकडे आहे. त्याच्या १९७८ च्या अंकात काय छापलंय हे त्याला माहीत नसतं. त्यामुळे ओपॅकवर तीनच पुस्तकं मिळाली याचा अर्थ तीनच गोष्टी लिहिल्या गेल्या असा होत नाही. लेखांसाठी ग्रंथालयाच्या साइटवरच्या ई-रिसोर्सेसच्या पानावर जा. तुमच्या विषयाला सेजवर ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’, ‘कॉन्ट्रिब्युशन्स टू इंडियन सोशिऑलॉजी’ आणि ‘इंडियन जर्नल ऑफ जेंडर स्टडीज’, टेलर अँड फ्रान्सिसवर ‘जर्नल ऑफ पेझंट स्टडीज’, स्प्रिंगरवर ‘इंडियन जर्नल ऑफ लेबर इकॉनॉमिक्स’ ही नावं आधी बघा. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक जेस्टोर या ऑनलाइन संग्रहावर आहेत. जेस्टोर तुमच्या विद्यापीठात नसेल तरी वैयक्तिक खातं उघडून महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात; उतरवून घेता येत नाहीत, पण टिपणं काढायला कोण अडवतंय? आरोग्याच्या बाजूसाठी पबमेड ही वैद्यकीय लेखांची सूची, ती सगळ्यांना मोफत आहे.

एक उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवते, म्हणजे कल्पना येईल. १९७८ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाचा एक मोठा लेख आला, गुजरातेतल्या बारडोलीच्या साखर कारखान्यांवर. शीर्षकात हंगामी स्थलांतर आहे, सहकारी भांडवलशाही आहे, बारडोली आहे. बीड नाही, महाराष्ट्र नाही, स्त्रिया नाहीत. तुमच्या तीन शब्दांनी हा लेख कधीच सापडला नसता. पण त्या कारखान्यांना ऊस तोडून देणारे मजूर आपल्या खानदेशातून गेलेले होते, आणि मुकादम, उचल, कुटुंबाची जोडी ही सगळी रचना त्यात आलेली आहे. या विषयावर पुढं लिहिणाऱ्या अनेकांनी या लेखाचा आधार घेतला.

हा लेख हाती आला की दोन दिशांना जाता येतं. मागं जायचं म्हणजे लेखाच्या शेवटची संदर्भसूची वाचायची. पुढं जायचं म्हणजे गूगल स्कॉलरवर त्या लेखाखाली ‘साइटेड बाय’ असा दुवा असतो, तो दाबायचा. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी या लेखाचा उल्लेख केला ते सगळे समोर येतात. यादी मोठी असते, पण वर एक चौकोन असतो, उल्लेख करणाऱ्या लेखांतच शोधा असं सांगणारा. त्यावर खूण करून महाराष्ट्र हा शब्द रोमनमध्ये टाका. मग मराठवाडा टाका. मग कोयता. दर वेळी यादी आटते आणि उरतं ते नेमकं तुमच्या कामाचं असतं. शब्दांनी शोधताना आपण अंदाज बांधत असतो. इथं मात्र एका अभ्यासकानं दुसऱ्याचा हात धरलेला असतो, आपण फक्त साखळी धरून चालायचं. असे तीन-चार पक्के लेख मिळाले की ६० चा आकडा फार लांब राहत नाही.

शोधगंगेकडे वळू. भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथं असतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांनंतर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं सुरू झालं, म्हणून त्यानंतरचं बरंच सापडतं. प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो. पहिल्या पानापासून वाचत बसू नका. आधी संदर्भसूचीची फाइल उघडा, मग साहित्याच्या आढाव्याचं प्रकरण. दुसऱ्यानं शोधलेलं साहित्य तुम्हाला तयार यादी म्हणून मिळतं. पण ती यादी म्हणजे पत्ता आहे, तिथं जाऊन मूळ लेख स्वतः उघडायचा. मी एकाच चुकीच्या सालाचा संदर्भ पाठोपाठच्या चार प्रबंधांत पाहिलेला आहे. पहिल्यानं चूक केली आणि पुढच्या तिघांनी ती उतरवली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं, तेव्हा चौथ्या मुलाला उत्तर देता आलं नाही. तसंच शोधगंगोत्री या साइटवर सिनॉप्सिस, म्हणजे नोंदणी झालेल्या संशोधनाचे आराखडे असतात. तुमच्याच विषयावर कुणी आत्ता काम करत असेल तर तिथं कळण्याची शक्यता असते.

आता मराठी. इथं मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं, कारण याची दाद कुठलं इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक घेत नाही.

‘ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रिया’ हे शब्द घ्या. ‘करणाऱ्या’मधला ऱ्या संगणकावर दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्या तऱ्हेत साधा र आणि जोडणारं एक न दिसणारं चिन्ह. ‘करणाऱ्या’ आणि ‘करणार्‍या’, पडद्यावर जवळजवळ सारखेच दिसतात. पण बहुतेक शोधयंत्रांच्या दृष्टीनं हे दोन वेगळे शब्द आहेत. प्रबंधाची नोंद करणाऱ्यानं एक तऱ्हा वापरली आणि तुम्ही दुसरी, तर निकाल शून्य. त्यात ऊस ऱ्हस्व की दीर्घ, ऊसतोड जोडून की ऊस तोड सुटं, कामगार की मजूर, स्त्रिया की महिला. म्हणून मराठीत लांब वाक्य कधीच टाकू नका. शब्दाचा जो भाग कुणी कसाही लिहिला तरी बदलत नाही, तो टाका. ‘तोडणी’ एवढंच टाका, ‘मुकादम’ एवढंच टाका. निकाल जास्त आले तर चाळा, पण निसटू देऊ नका.

दुसरं, युनिकोड यायच्या आधी आणि नंतरही कितीतरी वर्षं मराठी प्रबंध श्रीलिपीसारख्या फाँटांत टाइप झाले. त्यांची पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, पण आतला मजकूर कॉपी करून बघा, रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा येतो. अशा फाइलच्या पोटात काय आहे हे कुठल्याही शोधयंत्राला कळत नाही. तिथं शीर्षक, विभाग आणि मार्गदर्शकाचं नाव यांवरूनच जावं लागतं. आपल्या विद्यापीठातल्या समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र विभागांच्या याद्या शोधगंगेवर वर्षवार उघडा आणि डोळ्यांनी वाचा. दुपार जाते, पण हाती लागतं.

तिसरं, ग्रंथालयांचं संगणकीकरण सुरू झालं तेव्हा बऱ्याच ठिकाणी मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमनमध्ये केल्या गेल्या. ज्यानं नोंद केली त्यानं ऊसचं ‘ओ-ओ-एस’ केलं की ‘यू-एस’, हे त्यालाच माहीत. ओपॅकवर देवनागरीतून काही मिळालं नाही तर रोमनमधून दोन-तीन तऱ्हांनी करून बघा.

आणि मराठी नियतकालिकं. ‘समाज प्रबोधन पत्रिका’, वाईचं ‘नवभारत’ यांत सहकार, दुष्काळ, शेतमजूर यांवर मोलाचं लेखन झालेलं आहे. मोठ्या डेटाबेसांत ते शोधून सापडेल या भरवशावर राहू नका. ते आहे ते नियतकालिक विभागात, बांधीव खंडांत. खंड काढायचा, प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका वाचायची, कामाचं पान टिपायचं, पुढचा खंड. दहा वर्षांचे अंक दीड-दोन दिवसांत होतात. हे काम मोबाइलवर होत नाही आणि दुसऱ्याकडून करून घेण्यात अर्थ नाही, कारण काय कामाचं आहे हे तुमच्याच डोळ्याला कळणार आहे.

फडताळापाशी गेलात की आणखी एक करा. तुम्हाला मिळालेली दोन पुस्तकं जिथं होती, तिथं त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूची हातभर पुस्तकं काढून मागची सूची बघा. वर्गांकानं, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरच्या विषय क्रमांकानं, विषय शेजारी-शेजारी बसवलेले असतात. पण तुमचा विषय एका फडताळावर नाही: श्रम ३३१ ला, सहकार ३३४ ला, शेतीचं अर्थकारण ३३८.१ ला, स्त्रियांविषयी ३०५.४ ला. चारही ठिकाणी फिरा. बी. एस. बाविस्कर यांचं कोपरगाव परिसरातल्या सहकारी साखर कारखान्यावरचं १९८० चं पुस्तक तुम्हाला समाजशास्त्राच्या रांगेत दिसलं नाही, तर सहकाराच्या रांगेत बघा.

पुण्याला जाणं जमत असेल तर गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय बघा. प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत ज्या गाडगीळांचा हात होता, त्यांचंच नाव त्या ग्रंथालयाला आहे. सहकार आणि दुष्काळ यांवरचे जुने अहवाल शोधायला त्याच्याइतकी चांगली जागा मला माहीत नाही. जाताना आपल्या ग्रंथपालांचं पत्र न्या आणि काय बघायचं त्याची यादी आधी करून न्या.

सरकारी कागदांचंही थोडं सांगते. बीडमधल्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला तेव्हा, २०१९ मध्ये, राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. (त्यांच्या आडनावातही तो ऱ्ह आहे, शोधताना लक्षात ठेवा.) समितीचं काम आणि त्यानंतरचे शासन निर्णय तुमच्या प्रबंधात यायलाच हवेत. बातमीत अहवालाचा उल्लेख दिसला की बातमी उद्धृत करून थांबू नका, मूळ अहवाल किंवा शासन निर्णय गाठा. तुमच्याजवळ साचलेला बातम्यांचा ढीग याच कामाचा आहे: कुठला कागद, कुठल्या तारखेचा, कुणाचा, हे त्यातून कळतं. आकडेवारीसाठी राष्ट्रीय नमुना पाहणीची २००७-०८ ची ६४ वी फेरी बघा; थोड्या महिन्यांसाठी गाव सोडणाऱ्यांची तिनं वेगळी नोंद घेतली आहे. जनगणनेत असा मजूर नीट सापडत नाही, आणि का सापडत नाही यावर आढाव्यात एक परिच्छेद लिहिण्यासारखा आहे.

एक धोक्याची सूचना. गेल्या दोन-तीन वर्षांत मुलं चॅटबॉटकडून संदर्भांची यादी घेऊन येतात. मागच्या वर्षी एका मुलीनं १४ संदर्भांची यादी आणली, ‘मॅडम, एवढे फक्त उतरवून द्या’ म्हणाली. आम्ही दोघी बसलो. नियतकालिक खरं, लेखकही खरा, खंड क्रमांकही बरोबर वाटणारा; पण त्या खंडाच्या त्या पानावर भलत्याच माणसाचा भलताच लेख. १४ पैकी ५ लेख जगात नव्हतेच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्यावर बेतून तिनं आठ पानं लिहिली होती. शब्द सुचवायला, रकाने भरायला त्याची मदत घ्या, माझी हरकत नाही. पण जो लेख तुम्ही उघडून पाहिला नाही तो यादीत घालू नका.

आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. तारीख, कुठं शोधलं, नेमकं काय टाइप केलं, किती निकाल आले, किती ठेवले. एक ओळ पुरते. तीन महिन्यांनी ‘हे मी आधी शोधलं होतं का’ या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच असतं, आणि गाइडनी ‘अमुक का नाही’ विचारलं तर दाखवायला काहीतरी असतं. संदर्भ झोटेरो या संदर्भ ठेवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये साठवा; मोफत आहे आणि मराठी नोंदीही नीट ठेवतं.

६० च्या आकड्याचं म्हणाल तर तो गाइडनी अंदाजानं सांगितलेला असतो. मी थांबायची खूण अशी धरते: नव्या ठिकाणी नव्या शब्दांनी शोधलं आणि दहापैकी आठ लेख आधीच वहीत असतील, तर त्या बाजूचं शोधणं झालं. आरोग्याच्या बाजूला ही खूण लवकर येईल, स्थलांतराच्या बाजूला उशिरा. सहकाराच्या बाजूला कुठं थांबायचं हे गाइडबरोबर बसून ठरवा, नाहीतर ती बाजू प्रबंध गिळून टाकते.

राहता राहिलं ते जागेवर नसलेलं पुस्तक. ते हरवलं असं समजू नका. आधी देवघेवीच्या काउंटरवर परिग्रहण क्रमांक (त्या प्रतीचा ग्रंथालयातला नोंद क्रमांक) सांगून कुणाकडे दिलेलं आहे का ते बघायला सांगा. असेल तर आरक्षण नोंदवा. बाहेर गेलेलं नसेल तर परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली, मग वाचन कक्षाची टेबलं, मग बांधणीला गेलेल्यांची यादी. तिथंही नसेल तर वर्गांकातले आकडे उलटसुलट करून बघा: ३३१.५ ऐवजी ३३५.१ च्या रांगेत मला अशी पुस्तकं कितीदा तरी सापडली आहेत, लावणाऱ्याची नजर चुकते. यातूनही मिळालं नाही तर ग्रंथपालांकडे लेखी द्या आणि डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्यातून दुसऱ्या ग्रंथालयाची प्रत मागवायला सांगा. तुमचं ग्रंथालय सभासद असेल तर ती येते, जरा वेळ लागतो. तोवर त्या कागदाचे चार रकाने भरून ठेवा, आणि पुढच्या खेपेला ग्रंथालयात याल तेव्हा तो कागद संदर्भ विभागात बसलेल्या माणसापुढं ठेवा.